उमरावाच्या पेल्यातलं विष

दर रविवारी दुपारी चष्मेवाला दुकान बंद करून मागच्या खोलीत फासे मांडतो. खेळ कल्पनेतल्या राज्याचा. खेळायला आलेले मांत्रिक होतात, योद्धे होतात, आणि तो गोष्ट चालवतो, उरलेल्या पात्रांच्या तोंडून बोलतो. या वेळी धुक्यातला किल्ला होता आणि विषाने मेलेला उमराव. खुनी त्याने आधीच ठरवला होता: उमरावाची बायको.

पण त्या दिवशी त्याची ताई खेळायला आली. नवरा गेल्यापासून ती प्रथमच घराबाहेर पडली होती. विधवाच खुनी निघाली तर ही पुन्हा येईल का? चष्मेवाल्याने धसका घेतला आणि ऐन वेळी खून वैद्याच्या माथी मारला. वैद्याच्या पेटीत विषाची बाटली सापडली.

"झालं! बांधा त्याला," शेजारचा वायरमन म्हणाला. "मला भूक लागलीय."

"थांबा हो," ताई म्हणाली. "वैद्य तर तळघरात कोंडलेला होता. मघाशी यानेच सांगितलं. पेला बायकोने नेला." मग ती भावाकडे वळली. "खुनी बदललास ना? माझ्यासाठी?"

तो उगाच चष्मा पुसू लागला.

"अरे, नवरा गेलाय माझा, डोकं नाही. घरी मी खोलीत आले की सगळे विषय बदलतात. तू तरी नको."

"बरं," तो हळूच म्हणाला. "बाटलीत खोकल्याचं औषध निघालं."

ताई खुर्ची पुढे ओढून बसली. "बाईसाहेब, नवऱ्याला पेला दिलात, मग स्वतः का नाही घेतलात?"

चष्मेवाल्याने मान ताठ केली आणि उमरावाच्या बायकोच्या आवाजात तो ताईशी अगदी मन लावून खोटं बोलला.