रिपोर्टमधला पिवळा

कंपनीनं मला पुण्याहून इंदूरला पाठवलं ते तिथल्या माणसांना जुन्या रिपोर्टिंग सॉफ्टवेअरवरून नव्या डॅशबोर्डवर आणायला. आम्ही शेतीला पाणी देण्याचे पाइप विकतो. कुठल्या भागात किती विक्री झाली हे ऑफिसातल्या एक ताई रोज सकाळी भरायच्या आणि हातानं रंगवायच्या. टार्गेट गाठलं तर हिरवा, नाही तर लाल. नव्यात रंग आपोआप येणार होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा रिपोर्ट भिंतीवरच्या पडद्यावर लागायचा आणि ज्याची ओळ लाल, त्याला तिथले मोठे साहेब, सेठजी, सगळ्यांसमोर उभा करून झाडायचे. माझ्या ट्रेनिंगचं टार्गेटही त्यात एका ओळीत होतं.

बाकीचे पटापट शिकले. ताईंनी मात्र माझ्या नाकी नऊ आणले. इंदूरच्याच अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या, जन्मापासून तिथल्याच, निवृत्तीला आलेल्या. मी शिकवायचो, त्या मान हलवायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनंच उघडून बसायच्या. पालथ्या घड्यावर पाणी! मी मुळातच तापट. एकदा आवाज चढवूनच विचारलं, "ताई, अडचण काय आहे नेमकी?"

"अडचण काही नाही भिया, बहुत बढिया आहे तुमचं. बस एक सांगा, यात पिवळा कुठे आहे?"

जुन्या रिपोर्टमध्ये अधूनमधून एखादी ओळ पिवळी असायची खरी. पुण्यात आमचा समज असा, की तिथले आकडे यायचे राहिलेत. मी तसं म्हटल्यावर त्यांना हसू आलं.

"अहो नाही! ज्याच्या घरी गमी झाली, कोणी गेलं, कोणी हॉस्पिटलात आहे, त्याला मी पिवळा करते. पिवळ्याला सेठजी काही विचारत नाहीत. आपला सांवेरची विक्री बघणारा भिया, त्याचे वडील गेले ना आत्ता. तेरवी करून सोमवारी येईल तो बिचारा. तुमची मशीन त्याला लाल करेल. मग?"

हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला माहीत नव्हतं. ऑफिसात सगळे तो पाळत होते एवढंच. मला आधी रागच आला. म्हटलं, सॉफ्टवेअरमध्ये सुखदुःखाचा कॉलम नसतो. पण जेवताना तो सांवेरचा मुलगा काही डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी मी पुण्याला फोन करून चांगला तास-दीड तास भांडलो आणि एक सोय करून घेतली: ओळीसमोर टिक केली की लाल जाऊन पिवळा येईल. टिक करायचा अधिकार फक्त ताईंना. आता त्यांना शिकणं भागच होतं. शनिवारी डबाही न उघडता त्या शिकत बसल्या.

सोमवारी सांवेरवाला मागच्या खुर्चीत बसला होता, मुंडन केलेल्या डोक्यावर टोपी घालून. त्याची ओळ पडद्यावर आली, पिवळी. सेठजींनी एकवार पाहिलं आणि म्हणाले, "आगे चलो." त्या मुलानं इतका मोठा श्वास सोडला की पुढच्यानं वळून बघितलं. मला फार बरं वाटलं.

पुढे दिवाळीच्या आधी साताऱ्याहून फोन आला. माझी आई गेली होती. मी होतं तसं टाकून निघालो. सगळं उरकून परत आलो तेव्हा ट्रेनिंगचा पार बोजवारा उडालेला. नवी माणसं तशीच खोळंबली होती. सोमवारी मीटिंगला बसलो आणि सेठजींना काय सांगायचं ते मनात जुळवत राहिलो. आई गेली, हे एवढ्या लोकांत कारण म्हणून सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं.

माझी ओळ आली. ती पिवळी होती.

"आगे चलो," सेठजी म्हणाले.

साताऱ्याला भावाला सावरताना, पाहुण्यांची उठबस करताना माझ्या डोळ्यांत पाण्याचा टिपूस आला नव्हता. तिथं त्या खुर्चीत मात्र मला रडू फुटलं. ताईंनी आपला पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.