टेप करणाऱ्याने गायचं नसतं

"गायला!"

"नाही गायला!"

"अरे, माझ्या या कानांनी ऐकलंय. दिवे विझल्यावर एकटा गिटार घेऊन बसला आणि गायला!"

"तुझे कान आणि तुझ्या गोष्टी! नाही गायला म्हणजे नाही गायला!"

भिंतीपलीकडून हे ऐकून मला वाटलं, कोर्टात कुणी साक्ष फिरवली की काय. ओल्या हातांनीच बाहेर आले. बघते तर शेजारचे काचवाले भाऊजी आणि त्यांचा जिवलग दोस्त टपालवाला नाकाला नाक लावून उभे. टपालवाल्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि म्हणाला, "चौघांत मला खोटं पाडलंस. आता तुझी पायरी चढणार नाही." गेला की हो खरंच. दुसऱ्या दिवसापासून भाऊजींची पत्रं दाराच्या फटीतून आत यायला लागली. पूर्वी हातात यायची आणि सोबत तासभर गप्पा यायच्या.

भाऊजींचं पुढे दुकान आणि मागे बिऱ्हाड. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी असं काम. मोठ्या मेजावर जाड कापड अंथरायचं, त्यावर काच ठेवायची, एका दमात रेघ ओढायची आणि खालून टिचकी मारायची. रेघ ओढताना हात हलला की काच गेली. त्यामुळे माणूस मुळात अबोल. आंघोळीलासुद्धा कधी गुणगुणले नाहीत. भिंत एकच, मला कळलं असतं.

असल्या माणसाला वेड कशाचं, तर एका रॉक गाणाऱ्याचं! मी त्याला बुवा म्हणायचे. एवढे केस वाढवून जो गातो तो बुवाच. मला विचाराल तर त्याचं गाणं म्हणजे जिन्यावरून लोखंडी पेटी ओढत नेतात तसं वाटायचं. पण रविवारी भाऊजींच्या दुकानात त्याच्या भक्तांची बैठक भरायची. टपालवाला, एक दातांचे डॉक्टर, शाळेतल्या एक बाई आणि आणखी एकदोघं. बुवा कुठल्या गावी काय गायला, आधी काय, मग काय, मधल्या गाण्यात तार कुठे तुटली, यावर वादावादी. एवढा अभ्यास या लोकांनी शाळेत केला असता तर सगळे कलेक्टर झाले असते.

या मंडळींचे नियमही कडक. जलशाला जो टेप करायला बसेल त्याने टाळी वाजवायची नाही, खोकायचं नाही, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. गाणं तर लांबच राहिलं. टेप विकायची नाही. कुणी मागितली तर म्हणायचं, "रिकामी दे, भरलेली घे." आणि टेप करावी तर काचवाल्यांनीच, असं सगळे म्हणत. टेपरेकॉर्डर डब्यात, माइक बायकोच्या शालीत, आणि स्वतः देवळातल्या दगडासारखे गप्प. त्यांच्या टेपा दूरदूर जायच्या. माणसाला एवढाच काय तो मान होता.

आता ते भांडण. मैदानावरचा जलसा होता. बुवाचं सगळं गाऊन झालं, दिवे विझले, शेवटची बस गाठायला लोक पळाले. टपालवाला सायकलवाला, त्याला बसची घाई नव्हती. तो म्हणे, पार पलीकडे रंगमंचाच्या जिन्यापाशी उभा होता. तेवढ्यात बुवा परत आला आणि त्याने एक जुनं, हळू आवाजातलं गाणं म्हटलं, जे त्याने कधीच चारचौघांत म्हटलं नव्हतं. बैठकीत कुणाचा विश्वास बसेना, कारण भाऊजींच्या टेपेत ते नव्हतं. आणि आमच्या टपालवाल्याला जरा तिखटमीठ लावायची सवय होतीच. मग काय, डॉक्टरांनी त्याचं नाव 'थापाड्या' ठेवलं, ते चिकटलंच.

चारआठ दिवसांनी भाऊजींची बायको माझ्याकडे शेंगा सोलायला बसली. हात चालेनात.

"ताई, कुणाला सांगू नका. तो गायला होता."

"मग टेपेत कसं नाही?"

"आहे की. आमच्या मूळ टेपेत आहे. ह्यांनी सगळ्यांना दिल्या त्या टेपांतून तेवढं कापलं."

"ते का म्हणून?"

"मैदान रिकामं झालं होतं. गार वारा सुटला होता. मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. आणि हे गायला लागले! पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. माइक माझ्या शालीत, ह्यांच्या तोंडाशी! बुवा राहिला मागे आणि आमचंच रेकणं पुढे." तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही. "लाजेपायी एकदा नाही म्हणाले. आता हो म्हणायला तोंड नाही."

तोंड नाही म्हणता म्हणता वर्षं गेली. बुवा म्हातारा झाला, त्याचे केस गळले. टपालवाला पेन्शनीत निघाला. बैठक चालूच राहिली, पण टपालवाल्याच्या स्टुलावर कुणी बसायला लागलं की भाऊजी म्हणायचे, "त्याचा पाय मोडकाय." स्टूल चांगलं धडधाकट होतं.

मग एक दिवस भाऊजींना फोन आला. बुवाच्या कचेरीतले लोक जुन्या जलशांचा साठा करत होते, त्यातून नव्या तबकड्या काढणार होते. मैदानावरच्या जलशाची टेप तुमच्याकडे आहे असं कळलं, म्हणाले. पण नक्कल नको, मूळच हवी. ज्या फोनची माणसाने जन्मभर वाट बघावी तो फोन आला, आणि भाऊजींचा चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"तेवढा तुकडा कापून पाठवतो," ते बायकोला म्हणाले.

"कापा की. कापण्यात तुमचा हात कोण धरणार?" ती म्हणाली. "पण मग थापाड्याला थापाड्याच मरू द्यायचं, असंच ना?"

भाऊजींनी त्या दिवशी दोन आरसे फोडले. तिसरा आरसा हातात घेतला नाहीच. चप्पल घातली आणि टपालवाल्याला घेऊन आले. कसं आणलं, काय म्हणाले, देव जाणे. मी चहाच्या निमित्ताने जाऊन बसले. खोटं कशाला बोलू, चहा कुणी मागितला नव्हता.

टपालवाला दारातल्या खुर्चीत बसला. जोडेही काढले नाहीत. "काय काम आहे?"

भाऊजींनी टेप लावली. गिटार वाजली. बुवाचा आवाज कुठूनतरी लांबून आला, आणि त्याच्या अंगावर रेड्यासारखा दुसरा आवाज धावून आला. मी पदर तोंडात कोंबला. टपालवाला हलला नाही. गाणं संपलं.

"गायला होता," तो म्हणाला.

"गायला होता."

"मी सांगत होतो."

"सांगत होतास."

"आणि हा रेकतोय कोण?"

"मी."

टपालवाल्याने हात लांब करून टेप बंद केली. मग म्हणाला, "तुझ्या अब्रूसाठी माझी घालवलीस होय रे. माझे नातू मला थापाड्या आजोबा म्हणतात."

"चुकलो."

"मला एकट्याला सांगून काय उपयोग? रविवारी सगळ्यांसमोर लावायची. आवाज मोठा ठेवून."

"लावतो."

लावली. डॉक्टर हसता हसता स्टुलावरून खाली आले. शाळेतल्या बाई मात्र उठल्या, टपालवाल्यापुढे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आमचं चुकलं." मग सगळ्यांनाच उठावं लागलं. भाऊजी काचेच्या चुऱ्याकडे बघत उभे. टपालवाल्याने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बस आता. दुसऱ्या ओळीला सूर तरी लागलाय तुझा." सूर लागला नव्हता. पण त्याने जोडे काढले होते, हे मी बघितलं.

टेप सगळीच्या सगळी कचेरीला गेली. तबकडी निघाली, त्यात तो जलसा होता. ते गाणं मात्र नव्हतं. शेजारच्या प्रेक्षकाचा आवाज फार जवळ आहे, असं कळवलं त्यांनी. भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत नीट. पण बैठकीतल्यांनी गोष्ट गावोगाव पोचवली होती, तिसऱ्या दिवसापासून पाकिटं यायला लागली. कुठकुठल्या गावची मंडळी, सोबत रिकामी टेप, आणि मागणी एकच. काचवाल्यांच्या आवाजासकट हवं!

त्यात भाऊजींची म्हातारपणाची वर्षं मजेत गेली. सकाळी काच, दुपारी नकला. पुडकी बांधायला टपालवाला, कारण भाऊजींची गाठ त्याला कधी पटली नाही.

एके दिवशी टपालवाल्याचा गुडघा धरला होता, म्हणून पुडकं भाऊजींनीच बांधलं. माझ्या दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "वहिनी, पोस्टात चाललोय. काही आणायचंय?" मी म्हटलं, काळा दोरा आणा. वाटेत ते टपालवाल्याकडे थांबले. त्याने अंथरुणातूनच पुडकं हातात घेतलं, "ही काय गाठ आहे?" म्हणून सोडलं आणि पुन्हा बांधून दिलं. पोस्टातल्या खिडकीशी रांग होती. भाऊजी रांगेत उभे राहिले, पुडकं दिलं, पावती घडी करून खिशात ठेवली. परत येऊन दोरा माझ्या हातात दिला आणि दुकानाचं दार जेवणापुरतं लोटून घेतलं.