बांधावर उघडणारी वेबसाइट आणि आमचे हमीद सर

हमीद सरांची आणि माझी ओळख माझ्या फजितीतून झाली. बारावीनंतर मी नरसीहून हिंगोलीला त्यांच्या संगणक वर्गाला येऊ लागले होते. सर शाळेत गणित शिकवत आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत हा वर्ग चालवत. आमच्या गावावर आणि तिथल्या देवळावर बनवलेली माझी पहिलीवहिली वेबसाइट मी मोठ्या ऐटीत त्यांना दाखवली. लाल अक्षरे पडद्यावर इकडून तिकडे पळत होती, वरून गुलाबाची फुले पडत होती, सनई वाजत होती. सरांनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाले, "लई मेहनत केलीस, बेटा. आता मला सांग, दर्शनाला येणाऱ्या माणसानं गाडी कुठं लावायची, ते यात कुठं हाय?"

ते कुठेच नव्हते! घरी येऊन मी फुले काढून टाकली आणि वाहनतळाची जागा लिहिली. वेबसाइट बनवणे म्हणजे काय, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळले.

पुढे वडिलांनी माझा वर्ग बंद केला. "झालं तेवढं पुरे," म्हणाले. चौथ्या दिवशी सर आणि त्यांच्या पत्नी नसीमचाची मोटारसायकलवरून आमच्या दारात हजर! दोन तास सर माझ्या वडिलांशी फक्त हळदीच्या कंदकुजीवर बोलले. संगणकाचा विषयसुद्धा काढला नाही. निघताना चप्पल घालता घालता म्हणाले, "दादा, सुनंदाची खुर्ची रिकामीच ठेवली हाय. दुसऱ्या कोणाला द्यावी वाटत न्हाई." दुसऱ्या दिवशी वडील स्वतः मला बसथांब्यावर सोडायला आले. आज मी याच कामावर उभी आहे. त्यामुळे सरांच्या साठीनिमित्त लिहायला बसले, तर हात थांबत नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

पण सांगायचे आहे ते सरांच्या निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल. हिंगोलीजवळ पुसेगावकडच्या एका शेतकऱ्याला साप चावला आणि घरचे लोक त्याला घेऊन एकामागून एक तीन ठिकाणी फिरले. तिसऱ्या ठिकाणी सापाच्या विषावरचे औषध होते, पण तोवर उशीर झाला होता. सरांनी मला आणि माझा वर्गमित्र प्रकाश याला बोलावून घेतले. "औषध होतं रे. कुठं हाय एवढंच ठाऊक नव्हतं. एवढं तर आपण सांगू शकतो!"

आम्ही दोघे तोवर मोठमोठ्या कंपन्यांची कामे करू लागलो होतो. अंगात नुसता उत्साह! ते औषध कोणत्या दवाखान्यात आहे, हे सांगणाऱ्या वेबसाइटसाठी नव्यातली नवी साधने घेतली. हलता नकाशा, दवाखान्यांची छायाचित्रे, गाव निवडले की सरकत येणारी चित्रे. महिनाभरात तयार झालेली वेबसाइट माझ्या लॅपटॉपवर अशी काही झळकत होती, की मी ती घरच्यांना चार वेळा दाखवली.

सरांनी ती पाहिली, कौतुक केले आणि आम्हाला थेट पुसेगावच्या एका शेतात नेले. तिथे त्यांच्या ओळखीच्या रेखाताई सोयाबीन निंदत होत्या. सरांनी त्यांचा काच तडकलेला जुना फोन मागून घेतला, त्यावर आमची वेबसाइट उघडायला लावली आणि गणिताच्या मास्तरांच्या खणखणीत आवाजात आकडे मोजायला सुरुवात केली. पडदा पांढराफटक. मधोमध एक चक्र फिरते आहे. सर चाळीसपर्यंत पोहोचले, तेव्हा प्रकाशने मान खाली घातली.

"हे काहून फिरून राहिलं?" रेखाताईंनी विचारले.

"आमची चूक हाय, ताई," सर म्हणाले. चूक आमची होती, पण त्यांनी ती आपल्यासह तिघांची करून टाकली.

परतताना चहाच्या टपरीवर सरांनी एका पाकिटाच्या पाठीवर तीन ओळी लिहिल्या. माणसाच्या हातात फोन कोणता आहे? तिथे नेटवर्क किती मिळते? आपण नसलो तर ही वेबसाइट चालवणार कोण? मग म्हणाले, "या तिन्हीला जे बराबर बसंल ते घ्या. नवं असो का जुनं, मला तकलीफ न्हाई."

मला नकाशा काढून टाकताना रडू आले, हे कबूल करते. पण नंतरचे पंधरा दिवस आमच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते! नकाशाच्या जागी गावांची साधी यादी आली. सगळे पान एका छायाचित्राहून हलके झाले. एकदा उघडले की ते फोनमध्येच राहील, नेटवर्क गेले तरी दिसेल, अशी सोय केली. पण मग जुनीच माहिती दिसली तर? सरांनी आग्रह धरला की प्रत्येक दवाखान्यापुढे खबर केव्हाची, ते ठळक लिहायचे आणि ती एका दिवसाहून जुनी असेल, तर "आधी फोन करा" असे लाल अक्षरांत दिसायचे.

सरांचा मोठेपणा त्यापुढचा. दवाखान्यांतल्या सिस्टरांनी माहिती भरावी, म्हणून पासवर्ड असलेला एक विभाग त्यांनी स्वतः, या वयात नवी संगणकभाषा शिकून, लिहिला होता. सिस्टर पासवर्ड विसरत. शेवटी प्रकाश चाचरत म्हणाला, "सर, त्या तशाही फोनवर निरोप पाठवतात. 'आहे' किंवा 'नाही' एवढंच कळवू द्या, आपण भरू." सरांनी क्षणभर पडद्याकडे पाहिले आणि आमच्यासमोर आपले सगळे काम पुसून टाकले. "माझ्या हौशीपायी त्यांना काहून तरास?"

सोयाबीनची कापणी चालू असताना, एका दुपारी, रेखाताईंच्या सासूबाई कौसल्याबाई पेंढ्या उचलत होत्या. हाताला साप चावला. रेखाताईंनी तोच फोन काढला. नेटवर्कची एकच काडी होती. पान उघडले! जवळच्या दवाखान्यापुढे त्या सकाळची खबर होती: औषध नाही. त्याच्या पुढच्या ठिकाणी: आहे. त्यांनी तिथे फोन केला आणि जीप सरळ तिकडे घेतली. डॉक्टर दारातच उभे होते. कौसल्याबाई वाचल्या.

ही बातमी सरांनी मला फोनवर सांगितली तेव्हा आम्ही दोघेही नुसते "व्हय? व्हय!" एवढेच बोलत होतो.

पंधरवड्याने कौसल्याबाई कारळाच्या चटणीचा डबा घेऊन सरांच्या घरी आल्या. मी तिथेच होते. "ते पान दाखवा मला," म्हणाल्या. सरांनी दाखवले. कौसल्याबाईंनी फोन दूर धरला, जवळ धरला.

"एवढंच?"

सर इतके हसले, की नसीमचाची स्वयंपाकघरातून धावत आल्या. वेबसाइटचे इतके मोठे कौतुक आजवर कोणी केले नाही, असे ते अजून सांगतात. पण कौसल्याबाईंचे बोलणे संपले नव्हते. "मला वाचाया येत न्हाई, मास्तर. सून जवळ नसती तं?"

चटणीचा डबा तसाच हातात धरून सरांनी विचारले, "कौसल्याबाई, तुमी या पानाला आवाज द्याल?"

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला, "ये लवकर, पान बोलून राहिलं!" मी धावत गेले. सरांनी जुन्या फोनवर एक मोठे बटण दाबले आणि खोलीत कौसल्याबाईंचा आवाज घुमला: "घाबरू नको. चावलेला हात-पाय हालवू नको. आता तुझ्या गावाचं नाव सांग." साठ वर्षांचे आमचे सर दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत होते.

सर, अजून अर्ध्या गावांची बोललेली नावे त्या पानाला ओळखता येत नाहीत, उच्चार चुकतात, खूप काम बाकी आहे. तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, नसीमचाचींची साथ लाभो. आणि तुमचा फोन आला की आम्ही असेच धावत येऊ.