मधे बसवायचा जावई

मुलीच्या साखरपुड्यात मी माझ्या सासरकडच्या दोन चुलतभावांना शेजारी-शेजारी जेवायला बसवलं. शेताच्या बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं, हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. वरण यायच्या आत दोघांचे आवाज चढले. तेवढ्यात बायकोच्या उमापूरच्या मामांनी माझा दंड धरला आणि मलाच त्यांच्या मधे बसवलं. दोघं मुकाट जेवले. "भांडणाऱ्यांच्या मधी जावई बसवावा," मामा नंतर म्हणाले. "जावयासमोर कुणी आवाज चढवत न्हाई."

त्यांना सगळे पंगतमामा म्हणत. पार चकलांब्यापर्यंतच्या गावांतल्या लग्नांत पंगत तेच बसवायचे. कोणाचं बिनसलंय, कोणाचं कालच जुळलंय, सगळं डोक्यात. पेपरातलं जगही ते असंच वाचायचे. देशोदेशीच्या पुढाऱ्यांच्या परिषदेच्या फोटोवर बोट ठेवून म्हणायचे, "ह्यो काल त्याच्या शेजारी व्हता. आज उठून तिकडं बसला. कावून?" मी बीडच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. त्यामुळे तासभर उत्तर द्यायचो. मामा ऐकून घ्यायचे.

त्यांचा एकुलता एक मुलगा संतोष आखातात क्रेन चालवतो. तिकडं धुसफूस सुरू झाली तेव्हा त्यानं फोन करून विचारलं, परत येऊ का? मामांनी मला विचारलं. मी छातीठोकपणे सांगितलं, "त्या देशाच्या पाठीशी मोठी सत्ता आहे. काही होत नाही. राहू द्या त्याला."

संतोष राहिला. आठवड्यात त्या मोठ्या सत्तेनं बाजू बदलली. विमानं बंद झाली, बंदरावर क्षेपणास्त्रं पडू लागली. फोन लागला की मामा एवढंच विचारायचे, जेवलास का.

मला मात्र काही म्हणाले नाहीत. मी गेलो की तीच खुर्ची पुढे करायचे, तसाच चहा सांगायचे. एकदाच पेपरची घडी घालत म्हणाले, "जावईबापू, ह्यांच्या मधी बसवायला कुणी ऱ्हायलंच न्हाई."

मामा झोपेतच गेले. विमानं अजून बंदच होती. अग्नी पुतण्यानं दिला, संतोषनं तो फोनवर पाहिला. तेराव्याला पानं मांडून झाली, तरी कोणी कुठं बसायचं हे बराच वेळ कुणाला सुचेना.

परतताना एसटीत मी बायकोला म्हणालो, "मामांचं मन मोठं. मला एका शब्दानं दोष दिला नाही."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"मन मोठं व्हतंच," ती म्हणाली. "पण तुमी जावई. तुमच्यासमोर ते आवाज कसा चढवणार व्हते?"