लशीच्या डब्यातली बाटली

आमच्या घरात एका नियमाला ‘का?’ विचारायचं नाही: मूल होत नसेल, तर तपासायचं ते सुनेला! मी सगळ्या तपासण्या केल्या, सासूबाईंनी सांगितलेले उपास केले. रिपोर्ट चोख. मग पुढे काय? म्हणे भगताचा अंगारा!

मी बी.एस्सी. झालेली बाई. गप्प बसेन? नवऱ्याला म्हटलं, “नीलेश, आता तुझं वीर्य तपासायचं. गुपचूप.” बिचारा तयार झाला.

आणि इथेच माझी हुशारी नडली! कुंभिवलीत आमची पोल्ट्री. पिल्लांची लस नेहमी बर्फाच्या डब्यातून येते. मी नीलेशची बाटली ऐटीत त्याच डब्यात ठेवली नि हेल्मेट आणायला आत गेले. बाहेर येते तर सासरे डबा घेऊन शेडकडे निघालेले. पिल्लांच्या पाण्यात लस मिसळायला!

“बाबा, थांबा! ती लस नाही! नीलेशची आहे ती!”

“नीलेशला कोंबड्यांची लस कशाला गं?”

सांगावंच लागलं. बाबांनी डबा असा खाली ठेवला, जणू हातात निखारा होता. नीलेश? तो केव्हाच बाइकवर!

खोपोलीच्या डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. “बर्फात? अहो, सगळे गारठून निपचित पडलेत! अंगाच्या उबेत आणायचं, तासाभराच्या आत.”

पुढच्या खेपेला बाटली माझ्या ओढणीखाली, छातीशी. बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. काय सांगू तुम्हाला! एका थेंबात अख्खी जत्रा! शेपट्या हलवत हजारो जीव धावतायत, कुणी जागीच गिरक्या घेतायत. माझा आ मिटेना. मधेमधे गोल गुबगुबीत पेशी.

“या पांढऱ्या पेशी. इतक्या असू नयेत,” बाई म्हणाल्या. “आत सूज असावी. दुखत नाही, पण शुक्राणूंना त्रास होतो. सुजेच्या आणखी खुणा तपासू, मग औषध ठरवू.”

एवढेसे ते जीव, आणि इतकी वर्षं बोलणी मी खाल्ली!

घरी सगळं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, “आसू दे गं. गुरवारी भगताकडं जाऊ. तू उपास धर.”

“नाही, आई. मी जाणार नाही, उपासही धरणार नाही. सूज त्याला आहे, औषध तो घेईल.”

असं ठणकावलं मी! लग्नानंतर पहिल्यांदाच!

विषय बदलत बाबा हळूच म्हणाले, “पिल्लांची लस आणायला सांगितली व्हती, आणलीस?”

“आणली की!” मी तोऱ्यात ओढणीखालून लशीची बाटली काढली.

मस्त उबदार होती.