कडेले धरा

आमगावच्या स्टेशनजवळ आमच्या ओळखीच्या एका फोटोग्राफरचा स्टुडिओ आहे. अलीकडे तो पुन्हा रोलवर फोटो काढतो. बटण दाबलं की स्वतःशीच म्हणतो, "एक गेला," आणि सावकाश रोल पुढे सरकवतो. मी यादी करून भराभर कामं उरकणारी बाई, पण त्याच्याकडे घड्याळ बघायचं विसरते. निगेटिव्हला तो कुणाला हात लावू देत नाही.

यंदा भाच्याने मोबाइलवर माझ्या वारलेल्या बाबांना आपल्या लग्नाच्या फोटोत हसत उभं केलं. तेव्हापासून आईचा भिंतीवरच्या बाबांवरही विश्वास राहिला नाही. "हाही बनवलाच असंन. काढून टाक."

तो फोटो मात्र या स्टुडिओवाल्यानेच काढलेला होता. मी आईला त्याच्याकडे नेलं. त्याने जुन्या पाकिटातून निगेटिव्हची पट्टी काढली आणि खिडकीपाशी तिच्याच हातात दिली.

"काकू, कडेले धरा. काका बोडीच्या पाळीवर, पाण्याच्या काठाले उभे होते ना, तवा त्यायच्या अंगावरचा उजेड इथं येऊन बसला. मी काई बनवलं नाही."

पट्टीत आभाळ काळं होतं, झाडं पांढरी होती आणि बाबांचे पिकलेले केस काळेभोर. आई पाहतच राहिली.

"आमच्या लग्नातल्यासारखे दिसून राहिले," ती हळूच म्हणाली.

तो हसला नाही. तिचं बघून होईपर्यंत उन्हातून बाजूला सरकून उभा राहिला.

घरी आल्यावर आईने भिंतीवरचा फोटो उतरवला, पदराने पुसला आणि परत लावला. दोन्ही हातांनी, कडेला धरून.