जिभेखालचा फवारा

"तुम्हाला अँजायना आहे," मंचरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट मिटत सांगितलं.

मी काही बोलायच्या आत शेजारच्या खुर्चीतून सुमन, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "कोन अंजना?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांचा कंपाउंडर मात्र लगबगीनं आतल्या खोलीत गेला आणि तिथून बराच वेळ त्याच्या खोकल्याचा आवाज येत राहिला.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. हृदयाला रक्त पुरवणारी नळी अरुंद झाली, की कष्टाच्या वेळी रक्त कमी पडतं आणि छाती दुखते. त्या दुखण्याला अँजायना म्हणतात. पाटात पालापाचोळा अडकला की शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही, तसंच.

"म्हंजी बाई न्हाई," सुमन म्हणाली.

"बाई नाही."

"मग ठीक हाय."

एसटीतून अवसरी फाट्यावर उतरलो तेव्हा ती पदरानं डोळे पुसताना दिसली. मी विचारलं, तर म्हणाली, धूळ गेली.

माझी ओळख सांगायची राहिली. मी बबन, अवसरी बुद्रुकचा. बटाटा आणि कांदा करतो. पण जुन्नर-आंबेगावात मला ओळखतात ते आवाजामुळं. जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीत स्पीकरवर बोलायचं काम मी हौसेनं करायचो. ज्या चढावर गाडे पळतात त्याला आमच्याकडे घाट म्हणतात आणि गाड्याच्या एका धावेला बारी. ती किती सेकंदांत झाली, तेही मीच पुकारायचो. बारी सुटली की मी जे 'भिर्रर्र' करायचो, ते कर्णा बंद असला तरी पलीकडच्या वाडीत ऐकू जायचं असं लोक म्हणायचे.

मंचरला जायच्या आधीच्या हंगामात 'भिर्रर्र' म्हटलं की छातीवर कुणी बटाट्याचं पोतं ठेवल्यासारखं व्हायला लागलं. दुखणं डाव्या खांद्यातून जबड्यात चढायचं. गप्प बसलं की उतरायचं. मी पित्त समजून ओवा खाल्ला, सोडा प्यालो. जबडा दुखतो म्हणून एक चांगली दाढही काढून घेतली. तुमच्यापैकी कुणाचं चालताना, ओरडताना असं दुखत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर दाढ काढायला जाऊ नका. आधी हृदय दाखवा.

बसून काढलेला ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, चांगला आला. म्हणून पुण्याला स्ट्रेस टेस्टला पाठवलं. त्यात छातीला वायरी चिकटवून सरकत्या पट्ट्यावर चालायला लावतात. पट्टा हळूहळू चढाचा होत जातो. मी घामाघूम झालो, छाती दाटली, त्यांनी यंत्र बंद केलं. एवढं चालून मी होतो तिथंच होतो. तो रिपोर्ट घेऊन आम्ही मंचरला आलो आणि तिथं ही अंजना निघाली.

रोजच्या गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी एक छोटी बाटली दिली. "हा स्प्रे. छातीत दुखलं की पहिल्यांदा खाली बसायचं. जीभ वर करून तिच्याखाली एक फवारा मारायचा आणि तोंड मिटायचं. श्वासाबरोबर आत ओढायचा नाही. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दुसरा. तरी थांबलं नाही तर घरी बसू नका, गाडी करा आणि दवाखाना गाठा. आणि आरडाओरडा कमी."

फवारा म्हटल्यावर गावात व्हायचं तेच झालं. आमचा शेजारी शंकरभाऊ, ज्याच्या घरी अजून थोडी मेंढरं आहेत, तो बाटली उलटीपालटी करून म्हणाला, "काय राव, काळजावर मावा पडला का करपा?"

"औषध आहे ते."

"औषधच म्हनतोय मी. किती दिसांनी फवारायचं? आन् वारं असलं तर?"

बाटलीत नायट्रोग्लिसरीन असतं. त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा ताण उतरतो. हेच औषध विहिरीच्या सुरुंगाच्या दारूतही वापरतात, पण बाटलीत ते इतकं थोडं असतं की स्फोट व्हायची भीती नाही, असं डॉक्टर सांगत होते. शंकरभाऊला मी हे हौसेनं सांगितलं. त्यानं वाक्याचा पहिला अर्धा भाग गावभर केला. दुसऱ्या दिवसापासून मी पारावर बसलो की लोक विड्या विझवायचे. एकानं तर विचारलं, "बबनराव शिंकले तर चालतंय न्हवं?"

पहिला फवारा मी शेतात मारला, आणि चुकीचा मारला. दारं धरताना, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यांत वळवताना, छाती दाटली. बसायचं विसरलो. उभ्यानंच जिभेखाली फुस्स केलं. तोंडात चुणचुण झाली, कानशिलं तापली आणि पुढच्या क्षणी आभाळ खाली आणि बांध वर. मी पाटात आडवा. या औषधानं रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून आधी बसायचं असतं, हे ज्ञान मला पाठीखालून थंड पाणी वाहताना झालं. दुखणं गेलं होतं, पण डोक्यात ढोल-लेझीम सुरू होतं. तेही या औषधाचंच. थोड्या वेळानं थांबतं.

शंकरभाऊ धावत आला. "अगं वहिनी, उडालं गं!" अशी बोंब त्यानं ठोकली.

त्या दिवसापासून बाटली सुमनच्या ताब्यात गेली.

जत्रांचा हंगाम आला. "हळू बोलेन, दोनच बाऱ्या बोलेन," असं मी डॉक्टरांना सांगितलं. ते नाराजीनं म्हणाले, "बरोबर कुणीतरी स्प्रे घेऊन पाहिजे." तेव्हा जुन्नरकडच्या एका घाटावर सुमन माझ्याबरोबर आली. त्या काळी घाटावर बायका फारशा दिसायच्या नाहीत. ती मंचाच्या कोपऱ्यात पाठ वळवून, भाकरीच्या पिशवीत बाटली ठेवून बसली.

पहिली बारी हळू बोललो. दुसरीला माझ्या ओळखीचा गाडा आला. चार बैल, पुढं पांढरी घोडी. माझं मलाच कळलं नाही आणि 'भिर्रर्र' निघून गेलं.

ते पुरं झालंच नाही. पोतं छातीवर येऊन बसलं. या खेपेला दोन पोती होती. मी खुर्चीत कोसळलो. माईक हातातच होता आणि चालू होता.

मग साऱ्या घाटानं कर्ण्यांवरून ऐकलं: "आ करा! अवो, आ करा म्हनते ना! जीब वर! वर करा! आता मिटा. मिटा म्हनलं! एक शब्द बोलायचा न्हाई!"

लोक हसले. पुढच्या क्षणी त्यांना कळलं की काहीतरी बिनसलंय, आणि सगळी गर्दी मंचाकडं बघायला पुढं सरकली. म्हणजे घाटात उतरली. खालून पुढची बारी सुटलेली होती.

सुमननं माझ्या हातातून माईक ओढून घेतला.

"मागं व्हा! अवो, हितं काय बघताय, बैल आलं! पागुट्यावालं बाबा, मागं! त्या म्हाताऱ्याला वढा कुनीतरी! घोडी आली, घोडी आली!"

बाबांना कुणीतरी बखोटीला धरून ओढलं. घोडी त्यांच्या अंगावरून वारा घालत गेली. पागोटं चाकाखाली गेलं, बाबा राहिले. मी तोंड मिटून खुर्चीत बसलो होतो आणि छातीतल्या दुखण्यापेक्षा जास्त बायकोकडं बघत होतो. तिचा आवाज खणखणीत होता.

पाच मिनिटांनी दुसरा फवारा झाला. दुखणं कमी झालं, पण गेलं नाही. "आता बास. गाडी करा," ती जत्रा कमिटीच्या लोकांना म्हणाली. जीप निघताना त्या ओळखीच्या गाड्याचा मालक खिडकीत डोकं घालून म्हणाला, "पावणं, तब्येत संबाळा. पर आमच्या बारीचं सेकंद तेवढं पुकारायचं ऱ्हायलं."

"गप ऱ्हा रं मुडद्या!" सुमन म्हणाली.

नारायणगावात पहिले उपचार झाले आणि तिथून पुण्याला पाठवलं. तिथं अँजिओग्राफी झाली, म्हणजे जांघेतून बारीक नळी घालून, रंग सोडून हृदयाच्या वाहिन्यांचं चित्र घेतात. एक वाहिनी जवळजवळ बंद होती. मग अँजिओप्लास्टी झाली. फुग्यानं ती वाहिनी उघडून आत जाळीची नळी बसवली. मी जागा होतो. भीती खूप वाटली, त्या मानानं दुखलं नाही.

"वेळेत आलात," तिथले डॉक्टर म्हणाले. "दुखणं थांबेल म्हणून बसून राहिला असतात, तर कठीण होतं. कुणी आणलं?"

मी बोट दाखवलं. सुमन बाहेरच्या बाकावर पिशवी उशाला घेऊन घोरत होती.

शर्यतींचं बोलणं मी सोडलं. लोकांना वाटतं त्याचं मला वाईट वाटत असेल. वाटतं थोडं. पण बोलायचं बंद केल्यावर बाकीचं ऐकू यायला लागतं.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी चढ चढायला हळूहळू परवानगी दिली, म्हणून आम्ही लेण्याद्रीला गेलो. लग्न झाल्यापासून आम्ही दर वर्षी जातो. मी नेहमी एका दमात वर जायचो आणि पायऱ्यांच्या टोकावर उभा राहून सुमनला हाका मारायचो. या खेपेला प्रत्येक वळणावर बसायचं ठरलं होतं. पहिल्या वळणावर बसलो. खाली उसाचे हिरवे चौकोन आणि पलीकडं शिवनेरी स्वच्छ दिसत होता. एवढ्या वर्षांत मी तिथं मागं वळून पाहिलंच नव्हतं.

मला दम लागला नव्हता. सुमनला लागला होता. छातीवर हात ठेवून ती धापा टाकत होती. मी घाबरून पिशवीत हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला पयल्यापास्नं लागतो हितं दम. तुमी कदी थांबलाच न्हाई, म्हून म्या बी न्हाई थांबले."

मी पिशवीतून पाण्याची बाटली काढून तिला दिली आणि तिथंच बसून राहिलो. ती उठेपर्यंत उठलो नाही. पुढच्या आठवड्यात तिला घेऊन मंचरला गेलो. तिचं रक्त कमी निघालं, बाकी सगळं चांगलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. "ॲनिमिया आहे," ते म्हणाले.

"हा कोन?" मी विचारलं.